शब्द द्यावा की पहारा सोसावा?
१८४८ मध्ये शिक्षा होऊन व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, धाडलेल्या, ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभ्या ठाकलेल्या आयरिश पुढाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या: पळणार नाही असा शब्द देऊन नेमलेल्या जिल्ह्यात मोकळं राहायचं, नाहीतर पहाऱ्यात.

विल्यम स्मिथ ओब्रायनने शब्द नाकारला. रवानगी मारिया बेटावर. एकांतात तब्येत ढासळली, पळण्याचा डाव फसला, आणि १८५० अखेर शब्द द्यावाच लागला.

जॉन मिचेलने आधीच दिला. बॉथवेलला शेती, घोडेस्वारी, सोबतीला मित्र जॉन मार्टिन. मागाहून बायकामुलंही आली. १८५३ मध्ये गडी सरळ पोलीस कचेरीत शिरला, शब्द मागे घेतल्याची चिठ्ठी मॅजिस्ट्रेटच्या हाती ठेवली आणि घोड्यावरून पसार! (हे शब्द पाळणं झालं का? वकिली पाळणं म्हणू.)

मिचेल हुशार, पण मला ओब्रायनचा ताठा भावतो. त्याला सशर्त माफी मिळाली १८५४ मध्ये.