श्रीवर्धनचं लोखंडी सांगाड्याचं घर, दोन पावसाळ्यांनंतर: सगळं अडलं चेक नटापाशी

गेल्या आठवड्यात सांगाडा बनवणाऱ्या फॅब्रिकेटरशी फोनवर वाजलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी ११०-१२० किलोमीटरने आदळलं. आमच्या जुन्या घराची कौलं गेली, वासे मोडले. नवं घर लोखंडी सांगाड्याचं बांधलं तेव्हा माझं सगळं लक्ष छपरावर होतं. वारा पत्रा वर ओढतो, कडेला आणि आढ्याला सर्वांत जोरात. म्हणून तिथे पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ घेतले, स्क्रू दाट मारले. तो पैसा सार्थकी लागला. पहिल्या पावसाळ्यानंतर विचारलं असतंत तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

दुसऱ्या पावसाळ्यात बाजूच्या भिंतीतलं दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. झडीच्या रात्री सांगाडा कुरकुरायचा. समुद्राकडून येणारा वारा तोलतात त्या बाजूच्या भिंती, आणि तिथल्याच क्रॉस ब्रेसिंगच्या, म्हणजे चौकटीत फुलीसारख्या तिरक्या लावलेल्या, सळ्या हाताने हलत होत्या! ही सळी फक्त ताण घेते, दाबली की वाकते. वारा एका बाजूने आला की एक ताणते, फिरला की दुसरी. सैल असेल तर चौकट आधी तिरकी होते आणि मग बोल्टांना हिसका बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तेव्हा हा हिसका किरकोळ नाही.

फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, ते मेंटेनन्समध्ये येतं. व्हिजिटचे वेगळे." वर सळ्या काढून जाड अँगल टाकायचं कोटेशन धाडलं. मीही जवळजवळ तयार झालो होतो. पण शिडी लावून पाहिलं तर सळ्या धडधाकट होत्या. सळी फिरवून ताणायचा जो जोड असतो, त्या टर्नबकलला चेक नटच (तो सुटू नये म्हणून वर आवळायचे जादा नट) नव्हते, म्हणून थरथरीने टर्नबकल उलगडत गेले. एका पत्र्याच्या किमतीत घरभराचे गॅल्वनाइज्ड नट आले. टर्नबकलच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे मधला भाग फिरवला की दोन्हीकडून ताण येतो. जोडीतल्या दोन्ही सळ्या सारख्या आवळा, खांबाला ओळंबा लावून. जास्त आवळल्या तर खांबच ओढला जातो. छपरातल्या सळ्याही तपासा. छपरावरचा आडवा जोर त्यांच्यातूनच भिंतीत आणि पुढे पायात उतरतो.

दार आता घासत नाही. सांगाड्याबद्दल माझं मत पुन्हा चांगलं आहे, काम करणाऱ्याबद्दल नाही. मागच्या खोलीत त्याने खिडकीसाठी सळ्यांचा एक क्रॉस न विचारता काढला, त्याच्या जागी तो जोर घेणारी बदली चौकट अजून दिलेली नाही. ती बसेपर्यंत शेवटचा हप्ता मी देणार नाही.