डेक्रॉनची प्रत्यंचा आणि तिची निगा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

68 इंची टेक-डाउन रिकर्व्ह (सुटे भाग जोडून होणारे, टोके पुढे वळलेले) धनुष्य, 26 पौंडी लिम्ब (धनुष्याचे वाकणारे बाहू; आकडा दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा) आणि धनुष्यासोबत आलेली डेक्रॉनची 14 पदरी प्रत्यंचा, असे नवशिक्याचे अगदी सर्वसाधारण साहित्य मी गेले काही महिने नियमित सरावात वापरत आहे. निगेसाठी मेणाची एक कांडी, स्ट्रिंगर (दोरी चढवण्या-उतरवण्यासाठीची जाड दोरी) आणि बो स्क्वेअर (दोरीवर अडकवून अंतर मोजण्याची काटकोनी पट्टी) ही तीन साधने घेतली होती. दोरीची निगा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मेणच येते. माझे मत मात्र या काळात असे झाले आहे की तिन्ही साधनांत बो स्क्वेअर सर्वांत उपयोगी ठरतो, कारण दोरीत काही बिघडत असेल तर ते डोळ्यांना दिसण्याआधी मापात उतरते.

प्रथम दोरीविषयी. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आणि बी-55 हा त्यातला तिरंदाजांच्या परिचयाचा धागा. ताण आला की तो किंचित लांबतो आणि त्यामुळे बाण सुटल्यावर लिम्बच्या टोकांना बसणारा हिसका सौम्य होतो. जुनी लाकडी धनुष्ये आणि टोके मजबूत न केलेली नवशिक्यांची धनुष्ये यांना डेक्रॉनच लावावा असे सांगतात, ते याचसाठी. ‘फास्ट फ्लाइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॉलिएथिलीनच्या दोऱ्या जवळजवळ लांबत नाहीत. त्यांनी बाणाला अधिक वेग मिळतो, परंतु लिम्ब त्यासाठी बनवलेले नसतील तर टोकांना तडे जाण्याची भीती असते. लिम्बवर किंवा माहितीपत्रकात तशी दोरी चालेल असा स्पष्ट उल्लेख नसेल, तर थोड्या वेगाच्या लोभाने ती लावू नये. नवशिक्याचे लक्ष निशाण्यापेक्षा स्वतःच्या खांद्याकडे आणि बोटांकडे असायला हवे. त्या टप्प्यावर डेक्रॉनचा संथपणा मला कधीच खटकला नाही.

डेक्रॉनचा खरा त्रास म्हणजे नवी दोरी सुरुवातीला सैल पडत जाते. दोरी लांबली की ब्रेस हाइट, म्हणजे पकडीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर, कमी होते. 68 इंची रिकर्व्हसाठी हे अंतर साधारणतः साडेआठ ते नऊ इंचांच्या दरम्यान असते, तरीही आपल्या धनुष्याच्या माहितीपत्रकात दिलेला आकडाच प्रमाण मानावा. हे अंतर घटले की बाण दोरीवर अधिक काळ राहतो, सोडण्यातली लहानशी चूकही बाणाला भोवते, दोरी मनगटाच्या जवळून जाऊन आर्मगार्डवर (हातावरच्या संरक्षक पट्टीवर) आपटू लागते आणि धनुष्याचा आवाज बदलतो. पुष्कळ नवशिके अशा वेळी आपल्या पवित्र्यात दोष शोधत बसतात, आणि दोष असतो दोन-चार मिलिमीटर लांबलेल्या दोरीत.

माप घेण्याची वेळही महत्त्वाची आहे. दोरी चढवल्याबरोबर मिळणारा आकडा नेहमी थोडा जास्त असतो. पहिले काही बाण सोडून दोरी ताणाखाली बसली की तो किंचित उतरतो आणि मग स्थिर राहतो. म्हणून मी माप सरावाच्या सुरुवातीच्या फेरीनंतर घेतो आणि वहीत लिहून ठेवतो. पहिल्या काही आठवड्यांत आकडा सारखा खाली येत होता, पीळ देऊन तो परत वर आणावा लागत होता. त्यानंतर दोरी स्थिरावली आणि आता मापात फारसा फरक पडत नाही. स्थिरावलेल्या दोरीची ब्रेस हाइट एखाद्या दिवशी अचानक कमी भरली, तर आधी लूप (दोरीच्या टोकांचे फासे) लिम्बच्या खाचेत नीट बसले आहेत का ते पाहावे आणि मग प्रत्येक पदर तपासावा, कारण अशा वेळी एखादा पदर तुटलेला किंवा लूपजवळचे सर्व्हिंग (पदरांभोवती गुंडाळलेला संरक्षक दोरा) सरकलेले असू शकते.

पीळ वाढवला की दोरी आखूड होते आणि ब्रेस हाइट वाढते; पीळ उलगडला की याच्या उलट घडते. स्ट्रिंगर लावून लिम्बवरचा ताण दोरीवरून काढावा, एक लूप सोडवून घ्यावा आणि एका वेळी दोन-तीनच पीळ देऊन पुन्हा मोजावे. पिळाची दिशा सर्व्हिंग गुंडाळलेल्या दिशेशी जुळणारी हवी, नाहीतर ते हळूहळू सैल होते. पीळ अजिबात नसलेली दोरी चपटी राहते आणि हवेत आवाज करते, तर अतिपीळ दिलेली दोरी स्प्रिंगसारखी वागू लागते. योग्य मापासाठी फारच पीळ द्यावे लागत असतील, तर मुळात दोरीच लांब आहे असे समजून दुसरी घ्यावी. रिकर्व्हची दोरी सर्वसाधारणपणे धनुष्याच्या नोंदवलेल्या लांबीपेक्षा तीन ते चार इंचांनी आखूड असते.

मेणाचे काम मोजके आहे, पण ते नीट व्हायला हवे. मेण पदरांना एकत्र धरून ठेवते, त्यांचे आपसातले घर्षण कमी करते आणि पाणी आत शिरू देत नाही. दोरीवर कापसासारखी लव उठू लागली किंवा बोटांना ती कोरडी लागली की मेण लावण्याची वेळ झाली. केवळ तारीख पाहून लावण्यात मला अर्थ वाटत नाही. कांडी दोरीवर हलकेच फिरवून मग दोन बोटांच्या चिमटीत दोरी धरून चोळावे, म्हणजे बोटांच्या उबेने मेण पदरांच्या आत उतरते. वर राहिलेले जादा मेण दोऱ्याचा एक वेढा दोरीभोवती घेऊन तो सरकवत नेला की निघून येते. ते तसेच राहू दिले तर दोरीचे वजन वाढते आणि धूळ चिकटते. मैदानावरची बारीक वाळू मेणात अडकली की ती पदरांना आतून कापत राहते. त्यामुळे दोरी मळलेली असेल तर आधी कोरड्या कापडाने पुसावी. लायटर किंवा हेअर ड्रायरने मेण वितळवण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो, तो सरळ कानाआड करावा. पॉलिएथिलीनच्या दोरीला तर उष्णतेने कायमची इजा होते. मधल्या सर्व्हिंगवर मेण लावू नये, तिथे ते फक्त बोटांना आणि टॅबला (बोटांवरच्या चामडी संरक्षकाला) चिकटते.

या दोरीबद्दल माझी तक्रार आहे ती याच मधल्या सर्व्हिंगची. नॉकिंग पॉइंटच्या (बाणाची जागा ठरवणाऱ्या दोरीवरच्या खुणेच्या) खाली जिथे बाण बसतो, तिथे वेढे अपेक्षेपेक्षा लवकर फाकले आणि आतले पदर दिसू लागले. मुख्य दोरी शाबूत असल्याने केवळ सर्व्हिंग नव्याने गुंडाळून काम भागले. पदर आणि सर्व्हिंग यांचे आयुष्य वेगवेगळे असते, हे नव्याने दोरी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. सर्व्हिंगची जाडी नॉकला (बाणाच्या मागच्या टोकाच्या खाचेला) जुळते की नाही, याची कसोटी सोपी आहे: बाण दोरीवर हलक्या आवाजासह बसावा, टोक जमिनीकडे ठेवून लटकवला तरी टिकावा आणि दोरीला टिचकी मारताच सुटून पडावा. घट्ट बसणारा नॉक बाणाची दिशा बिघडवतो, पण अतिसैल नॉक अधिक वाईट, कारण ऐन ओढताना बाण दोरीवरून निसटला तर रिकामी दोरी सुटते आणि त्या धक्क्याने लिम्ब फुटू शकतात. तसे कधी घडलेच तर दोरी, लूप आणि लिम्बची टोके तपासल्याशिवाय पुढचा बाण लावू नये.

नॉकिंग पॉइंटसाठी पितळी कडीपेक्षा बांधलेला दोरा मला अधिक पसंत पडला. तो हलका असतो, टॅबचे चामडे कुरतडत नाही आणि सर्व्हिंगच्या वेढ्यांवरून फिरवून बारीकसा वर-खाली करता येतो. मात्र ब्रेस हाइट बदलल्यावर त्याची उंचीही बो स्क्वेअरने पुन्हा पडताळावी लागते.

स्ट्रिंगरविषयी थोडक्यात: तो वापरावाच. पायात धनुष्य अडकवून दोरी चढवली तर लिम्ब पिळले जातात, आणि पिळलेल्या लिम्बवर कितीही चांगली दोरी सरळ बसत नाही. सराव संपला की मी दोरी उतरवतो आणि दोन्ही लूप एका क्लिपमध्ये अडकवून ठेवतो, म्हणजे दिलेले पीळ सुटत नाहीत व दुसऱ्या दिवशी माप जवळपास तेच येते. तापलेल्या बंद गाडीत धनुष्य ठेवणे दोरीच्या आणि लिम्बच्या, दोहोंच्याही मुळावर येते. ओली झालेली दोरी सावलीत वाळवून मगच मेण लावावे.

एखादा पदर तुटला तर गाठ मारणे, चिकटवणे असले प्रयोग न करता दोरी बदलावी. लूपच्या आतल्या बाजूची झीज चटकन नजरेस येत नाही, म्हणून दोरी उतरवलेली असतानाच तो भाग उलगडून पाहावा. कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य वापरणाऱ्यांनी मेणापलीकडचे कोणतेही काम घरी करू नये. तिथे दोरी उतरवायला बो प्रेस (धनुष्य दाबून धरणारे यंत्र) लागतो आणि ते काम जाणकाराचेच आहे.

हीच दोरी मी पुन्हा घेईन, पण एका वेळी दोन. दुसरी दोरी पिशवीत नवीकोरी ठेवून उपयोग नाही. तीही काही सराव वापरून स्थिरावून घ्यावी, तिची ब्रेस हाइट आणि नॉकिंग पॉइंट पहिलीशी जुळवावा आणि पीळ न सुटता ती क्लिपमध्ये ठेवावी.