शहरात सामाजिक न्यायाचं काम करायचंय, मग संघटना, समिती की संस्था?

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून वस्त्यांमधल्या कामाला वेळ द्यायचाय पण नेमकं कुणासोबत जायचं हा प्रश्न मुंबई-पुण्यात खूप जणांना पडतो, आणि विचारलं की लोक धडाधड नावं सांगतात. नुसत्या नावांवरून काही ठरत नाही. आधी हे बघा की तिथे निर्णय कोण घेतं आणि खर्च कुणाच्या पैशातून चालतो. त्यावरून ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: सभासदांच्या वर्गणीवर उभी असलेली संघटना, एखाद्या मागणीसाठी एकत्र आलेली समिती किंवा आंदोलन, आणि पगारी स्टाफ असलेली रजिस्टर्ड संस्था. तिन्ही लागतातच, पण तुम्हाला कुठे जमेल ते वेगळं.

संघटनेपासून सुरू करते कारण माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर आहे. पुण्यातली हमाल पंचायत घ्या, 1950च्या दशकात बाबा आढावांनी बांधलेली. हमालांना ना मालक ना पगार, आज इथे तर उद्या तिथे, अशा लोकांना पीएफ आणि बोनस मिळू शकतो हे तेव्हा कुणाला पटलं नसतं, पण पुण्यात बाबा आढाव आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी रेटा लावला आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याच परंपरेतली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, पुण्यातलीच, 1993 पासूनची. कचरा वेचणाऱ्या बाईकडे लोक चोर म्हणून बघायचे, पोलीस हटकायचे, सोसायटीचा वॉचमन हाकलायचा, आणि मग महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र गळ्यात आलं तेव्हा त्याच बाईला गेटवर थांबून "मी कामावर आलेय" असं सांगता येऊ लागलं. पुढे याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि 2008 पासून घरोघरी जाऊन कचरा गोळा करायचं काम महापालिकेशी करार करून त्यांच्याकडे आलं, घराघरातून दर महिन्याला ठरलेले पैसे थेट त्यांनाच मिळतात. करार संपायची वेळ आली की पुन्हा झगडा, मोठे कंत्राटदार टपलेलेच असतात.

अशा संघटनेच्या मीटिंगला एकदा तरी जाऊन बसा. अजेंड्यावर धोरण वगैरे असतं पण पहिला अर्धा तास जातो भंगारवाला काट्यात किती मारतो यावर, मग कुणाच्या ढकलगाडीचं चाक तुटलंय, कुणाच्या मुलीचा शाळेचा दाखला अडलाय, आणि हे सगळं मिटल्याशिवाय मोर्चाची तारीख ठरत नाही. बाहेरच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण माझ्या मते खरं काम तेच आहे, कारण ज्या बाईचा दाखला सुटला तीच दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दहा जणींना घेऊन येते. तुमच्या वाट्याला इथे येणार फॉर्म भरणं, बँकेत सोबत जाणं, मुलांचे स्कॉलरशिपचे कागद जमवणं, कधीतरी अर्ज टाइप करून देणं. मत मात्र तुम्हाला नाही, ते सभासदांचं, आणि तसंच असलं पाहिजे. तुमच्या डोक्यात भारी ॲपची आयडिया असेल तर ती कुणी ऐकून घेईल पण बाजूला ठेवेल, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. शिवाय बरीच कामं दिवसा असतात, ऑफिसवाल्यांना हे अवघड जातं.

समिती किंवा आंदोलन याचा वेग वेगळा. मुंबईतली पाणी हक्क समिती हे माझ्या दृष्टीने उत्तम उदाहरण. 2000 नंतरच्या झोपड्या म्हणजे बेकायदा, म्हणून नळ नाही, म्हणून लोक टँकरवाल्याकडून चढ्या भावाने पाणी घेतात किंवा लांबून हंडे वाहतात, ही वर्षानुवर्षांची गोष्ट. समिती कोर्टात गेली आणि डिसेंबर 2014 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग. पण निकाल लागला म्हणून नळाला पाणी येत नाही ना. वस्तीतल्या लोकांनी गट करून अर्ज करायचा, कागद जोडायचे, वॉर्ड ऑफिसात इनवर्ड नंबर घ्यायचा, मग प्लंबर, मग अमुक खात्याची एनओसी, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी पाठपुरावा करणारं लागतं. शिकलेल्या आणि थोडा मोकळा वेळ असलेल्या माणसाची इथे फार गरज असते, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवस, पण तो नीट लिहिता आला पाहिजे.

आंदोलनाची कठीण बाजूही लक्षात ठेवायला हवी. 2004-05च्या हिवाळ्यात मुंबईत प्रचंड प्रमाणात झोपड्या पाडल्या आणि त्यातून घर बचाओ घर बनाओ आंदोलन उभं राहिलं, असं काम म्हणजे कधी महिनाभर काहीच नाही आणि कधी पहाटे फोन येतो की बुलडोझर आलाय. ताण असतो, पोलीस असतात, घरचे काळजी करतात. मागणी मान्य झाली किंवा लोक थकले की गर्दी विरते, पाच-सात माणसं उरतात. कोर्टावरच भिस्त ठेवूनही चालत नाही. 1985च्या ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं, आजही तो निकाल सगळे दाखवतात, तरी फुटपाथवरच्या लोकांना पावसाळ्यानंतर हटवायला त्याच निकालाने परवानगी दिलीच.

संस्थेबद्दल थोडक्यात. कोरो, युवा अशा संस्था 1980च्या दशकापासून मुंबईत आहेत. इथे व्हॉलंटियरला नीट काम नेमून देतात, ट्रेनिंग असतं, वेळ ठरलेली असते, विद्यार्थ्यांना आणि आठवड्याला दोन-तीन तासच असणाऱ्यांना हे सोयीचं. अकाउंटंट, वकील, डिझायनर यांचं कौशल्यही इथे लगेच वापरात येतं. कोरोच्या आधाराने 2011 मध्ये वस्त्यांतल्या बायकांनी राइट टू पीची मोहीम सुरू केली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हे त्यांनी मुताऱ्यांवर जाऊन मोजून दाखवलं आणि महापालिकेला उत्तर द्यावं लागलं. म्हणजे संस्थेतूनही लढाऊ काम होतं. अडचण पैशाची. प्रोजेक्ट संपला की वस्तीतलं सेंटर बंद, आणि ज्या ताईवर लोकांनी भरवसा टाकला तिची नोकरीच गेलेली, हे पुन्हा पुन्हा होतं. त्यात 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा बदलला, परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली, वस्तीपातळीवरच्या छोट्या गटांना याचा जबर फटका बसला.

तिन्हींची सरमिसळही असते. जोकिन अर्पुथम यांनी उभं केलेलं झोपडीवासीयांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, स्पार्क ही संस्था आणि भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांपासून सुरू झालेलं महिला मिलन, हे तिघं मिळून काम करत आलेत. बचत, घरांची मोजणी, वस्तीचा नकाशा ही कामं तिथले लोक करतात, संस्था कागदपत्रं आणि सरकारदरबारचं बघते. अशी वाटणी कुठे दिसली तर ती जागा चांगली समजा.

मग ठरवायचं कसं? शनिवारचे दोन तास आणि सहा महिनेच देणार असाल तर सरळ संस्थेत जा, संघटनेत अर्धवट सोडून गेलात तर तिथल्या बायकांना त्याचा त्रास होतो. लिहिता-बोलता येतं, संध्याकाळ मोकळी असते, सरकारी ऑफिसचा कंटाळा नाही, तर समिती. आणि दोन-तीन वर्षं एकाच वस्तीत टिकायची तयारी असेल तर संघटना, दुसरा विचारच करू नका.

जाण्याआधी दोन प्रश्न विचारा. मागच्या वर्षीचा हिशोब सभासदांसमोर वाचला का, आणि महापालिकेशी बोलायला जातात तेव्हा वस्तीतलं कोण सोबत असतं. दुसऱ्या प्रश्नाला "आम्हीच जातो, त्यांना समजत नाही" असं उत्तर आलं तर मी तिथून निघेन, मग नाव कितीही मोठं असो. फेरीवाल्यांच्या 2014च्या कायद्यात शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के जागा निवडून आलेल्या फेरीवाल्यांना दिल्यात, कायद्याला जे कळलं ते संघटनेला कळायला काय हरकत आहे.

पैसेच द्यायचे असतील, वेळ नाही, तर आयकरात सवलतीसाठी लागणारी 80जीची पावती बहुतेक संस्थेकडून मिळेल, समितीकडून बहुधा नाही. तरी समितीला झेरॉक्सचे, रिक्षाचे, कोर्टाच्या तारखेला येणाऱ्यांच्या बुडालेल्या रोजाचे पैसे लागतात आणि त्यासाठी कुठलाच फंडर पुढे येत नाही, म्हणून पावतीची गरज नसलेली रक्कम तिकडे द्या.