पोस्टफिक्स आणि डव्हकॉट, आठ महिन्यांनंतर: लॉगिन नेमकं अडतं कुठं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपसाठी भाड्याच्या सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्स), पोस्टफिक्स (मेल नेणारा-आणणारा), डव्हकॉट २.३ (मेलपेटी उघडून देणारा आणि पासवर्ड तपासणारा) आणि लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारं) अशी मांडणी आठ महिने चालू आहे. २ जीबी रॅम, १४ खाती, वापरणारे बेळगाव, खानापूर आणि निपाणीत विखुरलेले. मेल नेण्या-आणण्यात ही जोडी भक्कम आहे, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. वेळ जातो तो लॉगिनपायी. ‘पासवर्ड चुकीचा’ असं थंडरबर्ड किंवा आउटलुकसारख्या मेल अ‍ॅपनं सांगितलं तरी त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. घाईनं पासवर्ड बदलला तर खरं कारण झाकलं जातं, आणि त्याच खात्याची बाकीची उपकरणं जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरवर धडकत राहतात. आधी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, बघा.

नोंदी फाइलमध्ये लिहिणारं आरसिसलॉग डेबियन १२ मध्ये मुळात बसवलेलं नसतं, त्यामुळे जुन्या सवयीनं मेल लॉगची फाइल शोधाल तर सापडणार नाही. ‘जर्नलसीटीएल -यू डव्हकॉट -एफ’ चालू ठेवा आणि समोरच्याला त्याच वेळी लॉगिन करायला सांगा. फोनवर बोलत बोलत दोन मिनिटांत निदान होतं.

लॉगमध्ये एकही ओळ उमटली नाही, तर विनंती सर्व्हरपर्यंत आलेलीच नाही. पोर्ट तपासा: ९९३ आणि ४६५ ला थेट एसएसएल/टीएलएस (पहिल्यापासून कूटबद्ध जोडणी), १४३ आणि ५८७ ला स्टार्टटीएलएस (आधी साधी जोडणी, मग कूटबद्ध). ९९३ बरोबर स्टार्टटीएलएस निवडलं की दोन्ही बाजू एकमेकींची वाट बघत थांबतात आणि शेवटी टाइमआउट येतो. पोर्ट बरोबर असेल तर फेलटूबॅनकडे (चुकीच्या लॉगिनवरून आयपी बंद करणारा पहारेकरी) वळा, त्याबद्दल खाली सविस्तर.

‘नो ऑथ अटेम्प्ट्स’ अशी ओळ आली, तर पासवर्ड पाठवलाच गेलेला नाही, जोडणी बहुतेक वेळा टीएलएसमध्येच तुटलेली असते. शेजारी ‘अननोन सीए’ असेल तर बहुधा डव्हकॉटला सर्ट फाइल दिलेली असते. द्यायची असते ती फुलचेन फाइल, जिच्यात मधलं सर्टिफिकेटही असतं. मधलं सर्टिफिकेट नसलं तरी काही संगणकांवर चालून जातं आणि अँड्रॉइडवर अडतं, म्हणून दोष फोनला दिला जातो. दुसरा सापळा नूतनीकरणाचा. हे सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारं साधन) ते ३० दिवस उरलेले असताना नवं करून ठेवतो, पण डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच धरून बसतो. डिस्कवर नवी फाइल आणि मेल अ‍ॅपला मात्र मुदत संपलेली, असं कोडं पडतं. सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञांत) डव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोन्ही रीलोड करण्याची ओळ पहिल्याच दिवशी घाला.

‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’ दिसलं की पलीकडे जुनं विंडोज आहे असं समजा. विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ असतं, पण बंद. अपडेट आणि रजिस्ट्रीतून चालू करावं लागतं. सर्व्हरची किमान टीएलएस पातळी त्यासाठी खाली आणू नका. पावसाळ्यात खानापूरकडे करंट जा-ये करतो, तेव्हा जुन्या संगणकांची तारीखही पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असला की वीज परत येताना घड्याळ काही वर्षं मागं जातं आणि धडधाकट सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं. सेल बदलला की काम झालं.

आता खरंच ‘ऑथ फेल्ड’ आलं तर. डव्हकॉटचं ‘ऑथ व्हर्बोज’ सेटिंग चालू करा, म्हणजे ‘अननोन युजर’ की ‘पासवर्ड मिसमॅच’ हे वेगळं कळतं. लिनक्सचेच वापरकर्ते पीएएममधून (लिनक्सची स्वतःची लॉगिन तपासणी) तपासत असाल तर पूर्ण ईमेल पत्ता दिल्यावर ‘अननोन युजर’ येणारच. ‘ऑथ युजरनेम फॉरमॅट’मध्ये डोमेन गाळण्याची सोय आहे. मिसमॅच असेल तर ‘डव्हअ‍ॅडम ऑथ टेस्ट’नं तोच पासवर्ड सर्व्हरवर टाकून बघा. तिथं चालला तर दोष टंकलेखनात. आपल्या भागात फोनचा कीबोर्ड मराठी किंवा कन्नडवर असतो आणि आकडे त्या लिपीत पडतात. ठिपक्यांआड ते दिसत नाहीत, सर्व्हरला मात्र ती सर्वस्वी वेगळी अक्षरं असतात. चॅटमधून कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागाही तशीच.

‘ऑथ व्हर्बोज पासवर्ड्स’ला ‘शा१:६’ दिलं तर चुकीच्या पासवर्डऐवजी त्याच्या हॅशची (पासवर्डवरून काढलेला, उलटा न वाचता येणारा ठसा) सहा अक्षरं नोंदली जातात. दर काही मिनिटांनी तीच सहा अक्षरं दिसली तर कुणी अंदाज लावत नाही, कुठल्या तरी फोनमध्ये जुना पासवर्ड साठवलेला आहे. या एका सोयीसाठी डव्हकॉटला पैकीच्या पैकी गुण.

सगळ्यात फसवी अडचण सामायिक खात्याची. एका वापरकर्त्याला एका आयपीवरून मुळात १० जोडण्यांची मर्यादा असते, आणि थंडरबर्ड एकटाच एका खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या उघडतो. चौकशीचं खातं तीन टेबलांवर आणि दोन फोनवर लावलं की अकराव्या जोडणीला नकार मिळतो. कधी चालतं, कधी नाही. ‘मेल मॅक्स युजरआयपी कनेक्शन्स’ आयमॅपसाठी (मेलपेटी वाचण्याची पद्धत) ४० करा.

फेलटूबॅनचं गणित याहून कडक आहे. मुळात १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी, आणि तीही आयपीवर. कारखान्यातले सगळे एकाच आयपीमागं असतात, म्हणून एका जुन्या फोनपायी सगळ्यांची मेल थांबते. खूण सोपी आहे: वायफायवर बंद, मोबाइल डेटावर चालू. ‘फेलटूबॅन-क्लायंट’च्या अनबॅन-आयपीनं सोडवा. स्थिर आयपी असेल तर ‘इग्नोर आयपी’त घाला, नसेल तर मर्यादा १० चुकांवर न्या. बंदी पूर्ण काढू नका, बाहेरून पासवर्डचे अंदाज लावणं रात्रंदिवस चालू असतं. डेबियन १२ वर फेलटूबॅनचं बॅकएंड, म्हणजे तो नोंदी जिथून वाचतो ती जागा, ‘सिस्टमडी’ आहे ना, तेही पाहा.

मेल येते पण जात नाही, तेव्हा डव्हकॉट आणि पोस्टफिक्समधलं सॉकेट (दोघांना जोडणारी खास फाइल) बघा. पोस्टफिक्स क्रूटमध्ये, म्हणजे स्वतःच्याच फोल्डरमध्ये बंदिस्त, चालतो, म्हणून सॉकेट त्याच्या स्पूल फोल्डरखालच्या ‘प्रायव्हेट/ऑथ’ इथंच हवं, मालक पोस्टफिक्स, परवानगी ०६६०.

डेबियन १३ वर जाण्याची घाई नको. त्यात डव्हकॉट २.४ येतो आणि २.३ ची सेटिंग फाइल तो स्वीकारत नाही; सर्टिफिकेटच्या आणि मेलच्या जागेच्या ओळींची नावंसुद्धा बदलली आहेत. वेगळ्या सर्व्हरवर नवी फाइल लिहून, दोन खाती लावून पाहा, मगच जुना हलवा.