रीफाइंड: विंडोज आणि लिनक्स शेजारी ठेवणाऱ्यांसाठी एक भरवशाचा बूट मॅनेजर

सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या पेढीवर एकाच संगणकावर हिशेब विंडोजमध्ये आणि पत्रव्यवहार व जुन्या कागदपत्रांची साठवण लिनक्समध्ये चालते. संगणक सुरू होताना यांपैकी काय चालू करायचे हे विचारण्यासाठी आम्ही रीफाइंड वापरतो. रॉडरिक स्मिथ यांनी २०१२ मध्ये रीफिट या जुन्या प्रकल्पाच्या आधारे ते तयार केले. ते विनामूल्य आणि मुक्त स्रोत असून त्याची पेनड्राइव्हवर उतरवण्याची इमेजही मिळते, त्यामुळे डिस्कला हात न लावता ते आधी आपल्या यंत्रावर चालवून पाहता येते.

त्याची गरज का भासते, हे समजण्यासाठी यूईएफआय फर्मवेअरची, म्हणजे संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅमची, पद्धत माहीत हवी. फर्मवेअर आपल्या बूट-नोंदी मदरबोर्डवरील कायमस्वरूपी स्मृतीत ठेवते आणि प्रत्येक नोंदीत कोणत्या पार्टिशनवरील (डिस्कच्या भागावरील) कोणती फाइल चालवायची एवढा पत्ता असतो. प्रत्यक्ष फाइल मात्र डिस्कवरील ईएफआय सिस्टीम पार्टिशनमध्ये, फॅट पद्धतीच्या मांडणीत असते. म्हणजे नोंद पुसली गेली तरी प्रणाली शाबूत राहते, पण ती सुरू होत नाही. पेढीवरील यंत्राचे फर्मवेअर अद्ययावत केल्यावर नेमके हेच झाले: यादीत फक्त विंडोज उरले आणि लिनक्स गेले असे सर्वांना वाटले, वास्तविक त्याची एकही फाइल हलली नव्हती. लिनक्समधील ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने अशी नोंद पुन्हा करता येते, परंतु त्यासाठी आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे लागते आणि ते काम पेढीवरील प्रत्येकाला जमणारे नाही.

रीफाइंड साठवलेल्या यादीवर विसंबत नाही. ते दर वेळी सुरू होताना डिस्क धुंडाळते आणि जे प्रत्यक्ष सापडेल तेच पडद्यावर मांडते, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ३.३ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच ईएफआय प्रोग्रॅम म्हणून चालू शकत असल्याने, रीफाइंड ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल-मांडणी वाचणाऱ्या आपल्या ड्रायव्हरच्या आधारे थेट लिनक्सच्या बूट फोल्डरमधील कर्नल शोधून काढते. नवे कर्नल बसवले की पुढच्या वेळी ते आपोआप हजर होते. कोणतीही मेनू-फाइल नव्याने तयार करावी लागत नाही. एकाच फोल्डरमधील जुनी कर्नले ते एका चिन्हामागे घडी घालून ठेवते आणि एफ२ कळ दाबली की ती दिसतात. कर्नल, इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) आणि कर्नलला द्यायच्या सूचना एकाच फाइलमध्ये बांधलेली एकत्रित इमेज असेल, तर तीही ते ओळखते.

पडद्यावर वरच्या ओळीत मोठी चिन्हे आणि खाली यंत्र बंद करणे, पुन्हा सुरू करणे अशा कामांची लहान चिन्हे दिसतात. आमच्या दिवाणजींना पहिल्या दिवशी एवढेच सांगितले, “काका, तुम्ही काही दाबू नका, हिशेबाचं आपोआप सुरू होईल.” त्यासाठी रीफाइंड डॉट कॉन्फ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या. मुळात ते २० सेकंद थांबते आणि मागच्या वेळी जे चालवले तेच पुन्हा निवडते. अनेकजण वापरतात त्या यंत्रावर ही सवय गोंधळाची ठरते, म्हणून थांबण्याचा वेळ ५ सेकंद केला आणि पहिली निवड विंडोजवर कायम केली. लिनक्स हवे असणारा माणूस बाणाची एक कळ दाबतो.

त्रुटीही आहेत. रीफाइंड स्वतः फर्मवेअरमधील एका नोंदीवरूनच सुरू होते, तेव्हा तीच पुसली गेली तर वर सांगितलेला गुण कामाला येत नाही. यावर उपाय म्हणजे ईएफआय पार्टिशनमधील बूट फोल्डरात, फर्मवेअर कोणतीही नोंद नसताना जी बूटएक्स६४ नावाची फाइल शोधते तिच्या जागी रीफाइंडची प्रत ठेवणे. रीफाइंडच्या इन्स्टॉलरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे, मात्र तिथे आधीची फाइल असल्यास ती जपून ठेवावी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरलेले पाहिलेल्या आम्हा सांगलीकरांना याचे मोल विशेष वाटावे, कारण यंत्र भिजून फक्त डिस्क वाचली तर नोंदी जुन्या मदरबोर्डाबरोबर जातात आणि दुसऱ्या यंत्रात ती डिस्क सुरू करण्यासाठी हीच फाइल उपयोगी पडते.

सिक्युअर बूट, म्हणजे फक्त स्वाक्षरी केलेले प्रोग्रॅमच सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय, चालू असेल तर शिम हा स्वाक्षरी केलेला प्रोग्रॅम मध्ये घालून रीफाइंडची की यंत्रात नोंदवावी लागते. नवख्या माणसाने हे काम जाणकाराला शेजारी बसवूनच करावे. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल तर सुरुवातीचा मार्ग बदलल्यामुळे ते रिकव्हरी की मागू शकते, म्हणून ती आधी कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. आणि ज्यांच्या लिनक्सचा बूट फोल्डर एलव्हीएम या डिस्क-विभागणीच्या पद्धतीत किंवा एन्क्रिप्ट केलेल्या पार्टिशनवर आहे त्यांना रीफाइंड कर्नल शोधून देऊ शकणार नाही. त्यांनी आपले ग्रब (लिनक्ससोबत येणारा नेहमीचा बूट लोडर) काढून न टाकता रीफाइंडच्या यादीतून त्यालाच बोलवावे.