नवा म्हणून जुना राउटर, आणि वीज गेली की दुरुस्तीचे पैसे

बेळगावातल्या शहापुरात राहणाऱ्या माझ्या काकांना वायफाय वाढवून देतो म्हणून एकाने लुबाडले. वडगाव, खासबाग, अनगोळमध्येही आपली कामे चालू आहेत असे तो सांगायचा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

काकांचे घर जुने, रस्त्यापासून परड्यापर्यंत लांबच लांब. पुढे सोपा, मध्ये जाड मातीच्या भिंतींचे माजघर आणि मागे पूर्वी माग होते ती खोली. फायबरचा राउटर सोप्यात. मागच्या खोलीत बसून चुलतबहीण पुण्यातल्या कंपनीचे काम करते आणि तिथे रेंज पोचत नव्हती. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल असल्या भिंतींत अडतो. २.४ त्याहून आत शिरतो, पण माजघर ओलांडेपर्यंत त्याचाही जोर संपायचा. अशा घरात मागे केबलने जोडलेला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तिथूनच वायफाय देणारे दुसरे यंत्र किंवा राउटर, बसवणे हाच योग्य उपाय. त्या माणसानेही तोच सांगितला, म्हणून कुणाला शंका आली नाही.

बोलणे तर फार गोड. "काका, आपण मराठी माणसं, आपल्यातच फसवाफसवी करायची काय?" काकांना बाजारापुरते कन्नड येते, पण राउटरचे दुखणे फोनवर कन्नडात सांगणे त्यांना जमत नाही. घरी येऊन मराठीत समजावणारा माणूस त्यांना आधार वाटला. त्या विश्वासाचेच त्याने पैसे केले, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

"नवा कोरा, ड्युअल बँड" (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही देणारा) राउटर म्हणून केबलसकट ४,८०० रुपये यूपीआयने घेतले. बिल "दुकानातून पाठवतो" म्हणाला, ते आलेच नाही. मग पावसाळा लागला. वीज जाऊन आली की मागच्या खोलीत फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसायच्या, पण खाली "इंटरनेट नाही". तो यायचा, बंद-चालू करायचा आणि ३५० रुपये घेऊन जायचा. "भिंतीत ओल धरलीया काका, पावसाळ्यात असं होणारच." राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड विचारला तर, "तो आमच्याकडंच असतोय." शेवटी वर्षाच्या "सॉफ्टवेअर लायसन्स"चे १,५०० मागितले, तेव्हा बहिणीने मला बोलावले.

ओलीचा काही संबंध नव्हता. घरातल्या प्रत्येक फोनला आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, वाटून देण्याचे काम राउटरमधली डीएचसीपी ही सोय करते आणि ते एकाच राउटरने करायचे असते. इथे दोन्ही राउटर पत्ते वाटत होते. पुढचा १९२.१६८.१ च्या ओळीतले, मागचा १९२.१६८.० च्या. वीज आल्यावर फोन नव्याने पत्ता मागायचे. मागच्याने आधी उत्तर दिले की फोन इंटरनेटसाठी त्याच्याच तोंडाकडे बघत बसायचा, आणि त्याच्याकडे इंटरनेटची वाटच नव्हती. मी मागच्या राउटरचा डीएचसीपी बंद केला, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्ये असल्याची खात्री केली. त्यानंतर कितीदा तरी वीज गेली, नेट गेले नाही. ही जोडणी पहिल्याच दिवशी अशी करायची असते, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

हे करण्याआधी, सेटिंगमध्ये शिरण्यासाठी मागचा राउटर रिसेट करावा लागला. छिद्रातले बटण पिनेने साधारण दहा सेकंद दाबायचे. हे फायबर कंपनीच्या राउटरवर कधीही करू नका, त्यातली जोडणीची माहिती पुसली जाऊ शकते. आत गेल्यावर दिसले की ५ गिगाहर्ट्झचा पर्यायच नाही. खालच्या चिकटपट्टीवरचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आणि आतल्या पानावरचा वेगळाच, पहिली सहा अक्षरेसुद्धा. ही सहा अक्षरे बनवणाऱ्या कंपनीची असतात. म्हणजे कुणाचा तरी जुना राउटर नव्या चिकटपट्टीने विकला होता. केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्या होत्या, त्यामुळे वेग १०० एमबीपीएसच्या वर जाणारच नव्हता.

जाब विचारल्यावर त्याने फोन बंद केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मराठीतही बोलता येते, तिथे तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. बिल नसल्याने यूपीआयच्या नोंदी, त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आणि दोन्ही मॅक अ‍ॅड्रेसचे फोटो जोडले. तुमच्याकडेही असाच राउटर बसवून गेला असेल तर रिसेट करण्याआधी चिकटपट्टीचा फोटो काढा आणि त्याचे निरोप पुसू नका.