काटा आणि वजन, एकाच माळेचे मणी

पिस्तुलाची काडतुसं रिलोड करणाऱ्यांनी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या केसमध्ये (पितळी नळकांड्यात) नवी पावडर भरून वर नवी बुलेट बसवणाऱ्यांनी, हे जरूर वाचावं, विशेषतः नवा डिजिटल काटा घ्यायच्या विचारात असणाऱ्यांनी. 'खास रिलोडिंगसाठी' म्हणून ऑनलाइन विकला जाणारा एक काटा मी मागवला. हातात पडला तो कुठेही मिळणारा साधा पॉकेट काटा, वरून नवं स्टिकर मारलेला. एवढंच असतं तर पैसे पाण्यात गेले म्हणून गप्प बसलो असतो. पण सोबत दिलेलं कॅलिब्रेशनचं, म्हणजे काटा जुळवून घ्यायचं वजनही खोटं निघालं, आणि तेही अशा बाजूने की पडद्यावर दिसते त्यापेक्षा जास्त पावडर केसमध्ये पडावी. ही फसवणूक खिशापुरती राहत नाही, हातातल्या पिस्तुलापर्यंत पोचते.

वर्णनात सगळं होतं. अचूकता ०.१ ग्रेन (पावडर तोलायचं छोटं एकक), २० ग्रॅमचं 'प्रमाणित' वजन, 'लॅबचं' सर्टिफिकेट, पावडरसाठी चोच असलेला पॅन. बॉक्सही देखणा. काट्यावर ग्रेन, ग्रॅम, औंस असे मोड होते, आणि माहितीपत्रकात ठळक अक्षरांत सूचना होती: रिलोडिंगसाठी काटा कायम ग्रेन मोडवरच ठेवा. तेव्हा ती सूचना साधी वाटते. तिच्यामागचा डाव पुढे कळतो.

या क्षेत्रात नवे असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. पावडर मेझर, म्हणजे हँडल फिरवलं की ठरावीक पावडर केसमध्ये टाकणारं यंत्र, वजन मोजत नाही, घनफळ मोजतो. ड्रमच्या पोकळीत जेवढी पावडर बसेल तेवढी खाली पडते. बारीक गोल दाण्यांची पावडर पाण्यासारखी वाहते आणि जवळजवळ सारखी पडते. मोठ्या पापुद्र्यांची पावडर अडकत, कमान धरत, कधी थोडी कमी कधी थोडी जास्त पडते. हॉपर (वरची पावडरची टाकी) अर्ध्याच्या वर भरलेला ठेवायचा, आत बॅफल (आडवा पत्रा) घालायचा, हँडल दर वेळी सारख्याच वेगाने आणि दोन्ही टोकांना टेकेपर्यंत फिरवायचं, सुरुवातीचे काही चार्ज (एका केसमधली पावडर म्हणजे एक चार्ज) पुन्हा हॉपरमध्ये ओतायचे, हे सगळं आपण त्यासाठीच करतो. एवढं करूनही मेझरने नेमकं किती टाकलं हे सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे काटा. हा साक्षीदारच फितूर झाला तर मेझर कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

पहिला संशय आला तो क्रोनोग्राफवरून, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून. लोड (पावडर आणि बुलेटचं ठरलेलं प्रमाण) मॅन्युअलमधल्या मधल्या चार्जचा, माझी नळी मॅन्युअलच्या चाचणीच्या नळीपेक्षा आखूड, म्हणजे वेग थोडा कमी यायला हवा. तो उलट सतत वरच्या अंगाला येत होता. शिवाय गोळीगणिक वेगातला फरकही नेहमीपेक्षा जास्त. दोष अर्थातच मेझरवर गेला. स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर, पुन्हा वजन. या खटाटोपातच एक विचित्र गोष्ट नजरेत भरली: पडद्यावर ५.० हा आकडा कधी येतच नव्हता. ४.९ यायचं, नाहीतर थेट ५.१. पुढे ५.२ यायचं, मग एकदम ५.४. कितीही सावकाश पावडर घातली तरी ४.७, ५.० आणि ५.३ गायब. (५ हा आकडा इथे हिशेबापुरता आहे, लोड म्हणून कुणी उचलू नका.)

कागद घेऊन बसल्यावर गणित उलगडलं. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. काट्याची खरी पायरी ०.०१ ग्रॅमची असेल तर ग्रेनमध्ये ती ०.१५४ होते. ०.३२ ग्रॅम म्हणजे ४.९४, काटा दाखवणार ४.९. पुढची पायरी ०.३३, म्हणजे ५.०९, काटा दाखवणार ५.१. मध्ये काही नाहीच. ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. दहा मिलिग्रॅमच्या उड्या मारणारा काटा ते दाखवणार कुठून? ग्रॅम मोडवर टाकला आणि पितळ उघडं पडलं: दशांशचिन्हानंतर दोनच आकडे. ०.१ ग्रेनचा दावा करणाऱ्या काट्याला तीन हवेत. ग्रेन मोडमधून हलू नका, ही ठळक सूचना त्यासाठीच होती. बॅटरीच्या झाकणाजवळचं स्टिकर नखाने उचकटलं तर खाली मूळ छापील मजकूर शाबूत होता: ५०० ग्रॅम, ०.०१ ग्रॅम.

अशा काट्यांची आणखी एक खोड. ट्रिकलरने एकेक कण सोडत गेलात तर आतलं सॉफ्टवेअर तो हळू बदल म्हणजे काट्याचं भटकणं समजून गिळून टाकतं. आकडा जागचा हलत नाही. पॅन उचलून पुन्हा ठेवला की मग उडी मारतो. आपण मात्र तोवर अजून थोडी, अजून थोडी म्हणत पावडर घालत बसलेलो असतो.

आता वजनाकडे येऊ, कारण खरी काटामारी तिथे आहे. काटा ढोबळ असला तरी त्यावर उपाय निघतो: दहा चार्ज एकत्र तोलायचे आणि दहाने भागायचं. पायरीची चूक दहापट कमी होते. पण कॅलिब्रेशनच खोटं असेल तर ही युक्ती काही कामाची नाही, कारण ती चूक टक्क्यांत असते. एक तोला की शंभर तोला, टक्का तोच राहतो.

वजनाची शंका आली ती बुलेटमुळे. चांगल्या कंपनीच्या १२४ ग्रेनच्या जॅकेटेड बुलेट एकेकट्या थोड्याफार कमीजास्त भरतात, पण मूठभर तोलून सरासरी काढली तर ती १२४ च्या अगदी जवळ यायला हवी. या काट्यावर ती १२० च्या किंचित वर येत होती. दुसऱ्या कंपनीच्या ११५ ग्रेनच्या घेतल्या, तर १११ आणि वर काही. दोन वेगळ्या कंपन्या एकाच प्रमाणात माल कमी घालतील हे पटण्यासारखं नाही. ओळखीतल्या एका प्रयोगशाळेतल्या काट्यावर ते 'प्रमाणित' वजन ठेवलं. २० ग्रॅमच्या जागी २०.६ ग्रॅम. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एम-१ या साध्या वर्गाच्या २० ग्रॅम वजनालाही अडीच मिलिग्रॅमपेक्षा जास्त चूक चालत नाही. इथे चूक ६०० मिलिग्रॅम. वजन लोहचुंबकाला पटकन चिकटलं, आणि तळाशी क्रोमचा पापुद्रा सुटून खालचं लोखंड दिसत होतं.

याचा परिणाम असा. २०.६ ग्रॅमलाच २० मानायला शिकलेला काटा प्रत्येक वजन तीन टक्के कमी दाखवतो. तो ५ म्हणतो तेव्हा पॅनमध्ये ५.१५ असतं. त्यात पायरीची अर्धी चूक धरली तर ५.२ ओलांडलं. रायफलच्या मोठ्या केसमध्ये एवढा फरक कदाचित खपून जाईल. ९ एमएमच्या चिमुकल्या केसमध्ये, जलद जळणाऱ्या पावडरच्या बऱ्याच लोडमध्ये सुरुवातीचा चार्ज आणि कमाल चार्ज यांत अर्ध्या ग्रेनच्या आसपासच अंतर असतं. त्यातला जवळजवळ अर्धा भाग काट्याने आधीच खाल्लेला. आणि कमाल मर्यादेजवळ दाब सरळ रेषेत वाढत नाही, अंगावर येतो. ९ एमएमसाठी सामीने (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) ३५,००० पीएसआय (दाबाचं एकक) ही मर्यादा घातली आहे ती शोभेसाठी नाही. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची मर्यादा तर १७,०००च आहे. कमाल चार्जने सुरुवात करू नका, दहा टक्के खालून चढत या, हा जुना नियम मी पाळतो म्हणून पिस्तूल आणि बोटं जागेवर आहेत.

सर्टिफिकेटचं काय, तर त्यावरचा अनुक्रमांक वजनाच्या डबीवर नव्हता आणि काट्यावरही नव्हता. मोजमापातली अनिश्चितता किती याचा उल्लेख नाही, तारीख नाही. सही छापील. गोल शिक्का मात्र झकास होता.

विक्रेत्याशी झालेला संवाद हा स्वतंत्र तमाशा. आधी उत्तर आलं, "सर, पावडरमध्ये स्टॅटिक असतो, पॅन पुसून घ्या." मग, "सर, बॅटरी बदलून बघा." मग, "पंख्याचा वारा लागत असेल सर." या तिन्ही गोष्टी खऱ्या काट्याला खरोखरच त्रास देतात, म्हणून तर ही उत्तरं ऐकणाऱ्याला पटतात. पण वाऱ्याने आकडा नाचतो, दर वेळी नेमका तीन टक्के कमी होत नाही. शेवटी त्याने सांगितलं, "आमच्याच वजनाने कॅलिब्रेट करा, मग तेच वजन ठेवून व्हिडिओ पाठवा." ठेवलं. अर्थातच २०.०० आलं. लगेच उत्तर: "व्हिडिओत काटा बरोबर दाखवतोय सर, तक्रार बंद करत आहोत." काटा आणि वजन एकाच घरचे, ते एकमेकांविरुद्ध बोलणार कशाला? प्रयोगशाळेतला आकडा पाठवला तेव्हा भाषा बदलली. अर्धे पैसे परत करतो, पण आधी पाच तारे द्या. मी नकार दिला. या टोलवाटोलवीत परत करण्याची मुदत मात्र संपली, आणि त्याला तेवढंच हवं होतं. ॲपच्या तक्रार विभागानेही 'व्हिडिओत दोष दिसत नाही' यावरच बोट ठेवलं. तिथे मी वरच्या पातळीवर तक्रार केली आहे, ती अजून लोंबकळते आहे.

त्या काट्यावर भरलेल्यांपैकी उरलेली एकही गोळी मग मी झाडली नाही. हातोडीच्या पुलरने (आपटून केसमधली बुलेट बाहेर काढायचं अवजार) सगळ्या उघडल्या. कंटाळवाणं काम आहे, पण वाहीत नोंदी नीट असतील तर कुठली गोळी कुठल्या काट्यावर भरली हे कळतं आणि सरसकट सगळं मोडावं लागत नाही. निघालेल्या पावडरबद्दल कणभर शंका असेल तर ती हॉपरमध्ये परत घालू नका.

आता मी काय करतो ते सांगतो. काटा एकाकडून, वजनं दुसऱ्याकडून. आणि वजनं चार्जच्या आसपासची. २० ग्रॅम म्हणजे ३०८ ग्रेनच्या वर. तिथे बरोबर असलेला काटा ५ ग्रेनला बरोबर असेलच असं नाही. २०० मिलिग्रॅम म्हणजे ३.०९ ग्रेन आणि ५०० मिलिग्रॅम म्हणजे ७.७२ ग्रेन, ही दोन छोटी वजनं पिस्तुलाचे बरेचसे चार्ज कवेत घेतात. ती चिमट्यानेच उचलायची, बोटांचा घामही वजन वाढवतो. काटा सुरू करून अर्धा तास तापू द्यायचा, आधी शून्य, मग वजनं, मग पावडर, आणि अधूनमधून पुन्हा वजनं. जोडीला चुंबकाने दांडी स्थिर होणारा जुन्या पद्धतीचा दांडीचा काटा ठेवलाय. हळू आहे, पण बॅटरी संपत नाही आणि सॉफ्टवेअरही नाही.

काट्याने सगळंच पकडता येतं असं नाही, हेही जाता जाता. दर दहावा चार्ज तोलणाऱ्याच्या हातून मधल्या एखाद्या केसमध्ये दोनदा पावडर पडली तर काट्याला पत्ता लागत नाही. .३८ स्पेशलची केस काळ्या बारुदाच्या काळातली, ऐसपैस. तिच्यात दुप्पट चार्ज वरून दिसतही नाही. म्हणून बुलेट बसवण्याआधी ब्लॉकमधल्या (केस उभ्या ठेवायची खाचांची पाटी) प्रत्येक केसमध्ये विजेरी मारून बघायचंच.

तुमच्याकडे असा काटा आलाच असेल तर सीलबंद पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, कारण जाहिरात गुपचूप बदलली जाते. माझ्या काट्याच्या पानावर आता '०.१ ग्रेन अचूकता' च्या जागी 'ग्रेन मोड उपलब्ध' एवढंच लिहिलंय. मग काटा ग्रॅम मोडवर टाका, दशांशचिन्हानंतर किती आकडे येतात ते बघा, मूठभर बुलेट तोला, आणि विक्रेत्याच्या वजनाचा व्हिडिओ त्याला अजिबात पाठवू नका. थेट परत करण्याचं बटण दाबा, मुदतीच्या आत.